जंतू कुणाचे

"बाबा, आत येऊ नका. मार्लूस बसलीये तिथे." योस्टने सासऱ्याला दारातच अडवलं. अंत्यविधीहून परतलेली माणसं आत कॉफी पीत होती. विल्बर्ट मुकाट्याने अंगणात थांबला. नातीला पुरलं, तेव्हाही तो दफनभूमीच्या फाटकाबाहेरच उभा होता.

चूक त्याचीच होती. डुकरपालनावर जगणाऱ्या ब्राबांट प्रांतात इस्पितळाच्या दारात पहिला प्रश्न ठरलेला: घरी डुकरं आहेत का? डुकरांना औषधं चारून चारून त्यांच्यातले जंतू निर्ढावतात आणि पाळणाऱ्याच्या नाकात मुक्काम ठोकतात. 'हो' म्हटलं की झगा, मुखपट्टी, हातमोजे आलेच. विल्बर्टची शेडं डुकरांनी भरलेली. तरी तो 'नाही' म्हणाला. अपुऱ्या दिवसांची एवढीशी नात त्याला उघड्या छातीशी धरायची होती.

धरली. मग तिला ताप चढला, एकही औषध लागू पडेना. विल्बर्टने स्वतःच डॉक्टरांपाशी खोटं कबूल केलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या नाकातले नमुने घेतले गेले. लेकीने, मार्लूसने, त्या दिवसापासून बापाचं तोंड पाहिलं नव्हतं. पोटुशी असताना ती जंतूंच्या धास्तीने माहेरी फिरकली नव्हती.

योस्टने मागे दार ओढून घेतलं.

"सकाळी डॉक्टरांचा फोन आला. बाळाच्या रक्तातल्या जंतूंची जनुकं तपासली त्यांनी. तुमच्या जंतूंशी नाही जुळली."

विल्बर्ट पायरीवर बसला. किती दिवसांनी त्याला धड श्वास घेता आला. एवढं एक वाक्य आत पोचलं की लेक परत मिळणार होती.

"मग कुणाशी जुळली?"

"मार्लूसशी." योस्टने बंद दाराकडे पाहिलं. "तिच्याही नाकात होते. कुठून आले, देव जाणे. तिला कसं सांगू, बाबा? दिवसदिवस छातीशी घेऊन बसायची हो पोरीला."

दार उघडलं. मार्लूस उंबऱ्यात उभी होती, डोळे सुजलेले, गळ्यातली शाल एका बाजूने लोंबणारी. तिने नवऱ्याकडेच पाहिलं.

"इस्पितळातून फोन होता ना? काय म्हणाले? यांचेच होते ना ते जंतू?"

योस्टच्या तोंडून शब्द फुटायच्या आत विल्बर्ट पायरीवरून उठला.

"माझेच होते, पोरी."