पंचवीस आणि पंचाहत्तर

दोन दिवसांच्या बाळाची साखर फार खाली गेली होती आणि आरोग्य केंद्रातलं दहा टक्क्यांचं ग्लुकोज संपलं होतं. पाच आणि पंचवीस टक्क्यांच्या बाटल्या तेवढ्या शिल्लक होत्या.

“निम्मं-निम्मं मिसळा, सिस्टर,” घाटात अडकलेले डॉक्टर फोनवर म्हणाले.

नर्स कुमुद वळवीनं हातमोज्यांच्या खोक्यावर हिशेब मांडला. पंधरा टक्के येत होते. तिनं तो पुन्हा केला.

“सर, पंचवीसचं पंचवीस मिली आणि पाचचं पंचाहत्तर घेतलं, तरच दहा टक्के होतं.”

डॉक्टरांनी आकडे पुटपुटत हिशेब करून पाहिला. बाळाची आई कुमुदच्या तोंडाकडे बघत राहिली.

“तुमचं बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाले. “द्या.”

थोड्या वेळानं बाळ हातपाय झाडत रडू लागलं, तेव्हा कुमुद भिंतीला टेकून खाली बसली.