कागद भरा

"यादीत प्रिंटर दिसतच नाही," अरविंद फोनवर म्हणाले.

पलीकडे सुधीर होता. अरविंद रिटायर झाले त्या वाशीच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. दोन टोमणे मारल्याशिवाय त्याला मदत करता येत नसे. लॅपटॉपवर विंडोज नसून लिनक्स आहे हे ऐकून तो म्हणाला, या वयात कशाला हे नसते उद्योग? सरळ केबल लावा. केबल तिथवर पोचत नाही, असं अरविंदांनी सांगितलं.

"हयातीचा दाखला असणार. दरवर्षी नोव्हेंबर संपत आला की जागे होता, साहेब. पेन्शन अडकेल ना."

अरविंद नुसतं हं म्हणाले. आज हा एक कागद छापून निघायलाच हवा होता.

"तुमचा चिरंजीव शौनक कुठेय? लिनक्स त्यानेच टाकलं ना?"

"घरीच आहे. झोपलाय."

"महाप्याला त्याच्या कंपनीत माणसं काढतायत म्हणे. त्याचं ठीक आहे ना?"

"प्रिंटरचं सांग, सुधीर."

सुधीरने निमूटपणे सांगितलं. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेला निघाला आणि प्रिंटर घरच्या वायफायवर होता. एकमेकांना दिसणार कसे? अरविंदांनी वायफाय बदललं. पुन्हा सेटिंग्ज, प्रिंटर्स, अ‍ॅड. स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं. एवढे घाबरलेले ते आयुष्यात कधी नव्हते.

त्यांची बायको सुचित्रा दारात येऊन उभी राहिली. सकाळपासून तिने केसही विंचरले नव्हते.

"कान्हा सुतार उरणहून निघालाय," ती हळू आवाजात म्हणाली. "तास तरी लागेल."

अरविंदांनी मान हलवली. तेवढ्यात यादीत प्रिंटरचं नाव उमटलं. मघाशी टाइप केलेली चिठ्ठी त्यांनी उघडली, शेवटची ओळ खोडून पुन्हा लिहिली आणि प्रिंट दाबलं.

"आली?" सुधीरने विचारलं.

"नाही. कागद संपलाय म्हणतंय."

"मग भरा की. उठा जरा, साहेब."

अरविंद उठले नाहीत. थोडं थांबून बघू, एवढंच म्हणाले. गुडघे धरले असतील, असं सुधीरला वाटलं. तो कुठल्याशा तेलाचं नाव सांगू लागला. अरविंदांचं लक्ष नव्हतं. स्क्रीनवरची लाल ओळ हलत नव्हती. सुचित्राने त्यांचा खांदा घट्ट धरला होता.

मग ती ओळ गेली. तिच्या जागी आलं, छपाई सुरू आहे.

"भरलात वाटतं कागद," सुधीर म्हणाला.

सुचित्रा पॅसेजच्या टोकाला धावली होती. काल रात्रीपासून आतून कडी लावलेल्या, हाका मारून, धक्के देऊनही न उघडलेल्या त्या दाराआड शौनकने प्रिंटरमध्ये कागद भरला होता.