तात्पुरती तार

हातोडा बसला, कटकन आवाज झाला आणि पिनेचं डोकं लेकाच्या चपलेशी येऊन पडलं. उरलेली अर्धी पिन आतच अडकून राहिली.

"तुटलं का रे?" आईने विचारलं. ती पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून लेकाला टॉर्च दाखवत होती.

"तुटलं नाही. सुटलं," लेक म्हणाला.

गाडीचं पुढचं डावं चाक आठवडाभर तापत होतं. ब्रेक दाबला की धरायचा, पण पाय उचलला तरी सुटायचा नाही. ब्रेकचा तो लोखंडी जबडा, कॅलिपर म्हणतात तो, गंजून आखडला होता. सून म्हणाली होती, मेकॅनिकला दाखवू. त्यावर लेक हसला होता. मेकॅनिक म्हणे अडाणी असतात. याने सकाळी चहा पिता पिता दोन व्हिडिओ बघितले, त्यातला एक तर मोटरसायकलचा होता, आणि उठून हातोडा घेतला. गंजावर तेल सोडून जरा थांबावं, पान्याने हळूहळू फिरवावं, असलं काही नाही. थेट हातोडा. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे पुष्कळ असतात, हे महाशय हळकुंडाच्या नुसत्या वासाने पिवळे होत.

आणि गंमत अशी, की या घरात गाडी दुरुस्त करायची लेकाने आणि चालवायची सुनेने. लायसन्स त्याच्याकडेही होतं. पण घरापासून चौकापर्यंतचा तो उतार उतरायची त्याला भीती वाटायची. ते कबूल कोण करणार? "तूच चालव, मला फोन करायचेत," एवढं म्हणून स्वारी शेजारी बसायची.

धरून ठेवणारी पिनच तुटल्यामुळे कॅलिपर आता एका बाजूने लोंबकळत होता. लेकाने इकडेतिकडे पाहिलं. कपडे वाळत घालायची जुनी तार कोपऱ्यात पडली होती. ती त्याने आणली, कॅलिपरभोवती गुंडाळली आणि पकडीने पिळली.

"आई, टॉर्च नीट धर."

आईने नीट धरला. तिला सगळं लख्ख दिसत होतं, मोतीबिंदू काढल्यापासून तर जरा जास्तच.

"तारेवर राहील का रे हे?"

"तात्पुरतं आहे गं. पुढच्या रविवारी बघू." पिनेचं तुटकं डोकं त्याने चपलेने गटाराच्या जाळीत ढकललं, चाक चढवलं, नट आवळले आणि हात कमरेवर ठेवून उभा राहिला. दुरुस्तीतला तेवढा एक भाग त्याला उत्तम जमायचा.

सून पर्स घेऊन खाली आली. आईंचा डोळा डॉक्टरांना दाखवायला न्यायचं होतं.

"झालं?"

"झालं म्हणजे? नव्यासारखं! तू तर निघालीच होतीस मेकॅनिककडे."

"लहानपणापासून हाताचा हुशार आहे," आई म्हणाली. "घड्याळ उघडायचा, इस्त्री उघडायचा."

ते घड्याळ आणि ती इस्त्री पुन्हा चालली का, हे मात्र त्या घरात कधीच कोणी सांगितलं नव्हतं.

सुनेने वाकून चाकाआड पाहिलं. आतलं काही दिसत नव्हतं. "एकदा कोणाला तरी दाखवून घेऊ या का? उतार केवढा आहे."

"तुझं हे नेहमीचं," आई म्हणाली. "घरच्या माणसावर विश्वास म्हणून नाही. चल, काढ गाडी. उशीर होतोय."

सुनेने मागचं दार उघडून धरलं. "या आई, बसा."

आईने उघड्या दाराकडे पाहिलं. मग उताराकडे पाहिलं. लेकाकडे बघायचं तिने टाळलं.

"मी आपली बसने जाते," ती म्हणाली. "तू ये गाडी घेऊन. तिथेच भेटू."

"बसने? अहो, गुडघे दुखतात ना तुमचे?"

"जरा पाय मोकळे होतील."

आणि ही बाई, जी दुधाच्या पिशवीसाठी कधी जिना उतरत नाही, ती तरातरा चालायला लागली.

"अगं आई, पक्का आहे ब्रेक!" लेक ओरडला. आईने मागे न बघता नुसता हात हलवला.

सुनेने सासूची ती झपाझप चाल पाहिली. मग तिने दार लावलं आणि गाडीची किल्ली नवऱ्याच्या ग्रीसने काळ्या झालेल्या हातावर ठेवली.

"तुम्ही आणा गाडी."

"मी? अगं, मला दोन-तीन फोन करायचे..."

फोन कोणाला करायचे ते ऐकायला ती थांबली नाही. बसस्टॉपवर तिने सासूला गाठलं. धाप लागली होती तरी बसली नाही.

"काय तुटलं?"

"कुठे काय?"

"आई, टॉर्च तुमच्या हातात होता."

आई बस येते का ते बघू लागली. बस येत नव्हती. "एक पिन," ती शेवटी म्हणाली. "अर्धी आत राहिली. पण त्याने तारेने बांधलंय हो. चांगलं घट्ट बांधलंय."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि हे माहीत असून मला एकटीला पाठवत होतात त्या गाडीतून? त्या उतारावरून?"

आई बाकावर थोडी सरकली आणि तिच्यासाठी जागा केली.

"तू तशी सावकाशच चालवतेस," ती म्हणाली.