बुटका कूलर

झाकण बसेना. तिने कॉम्प्युटरची ती बुटांच्या खोक्याएवढी पेटी पुन्हा मांडीवर घेतली आणि चारही कोपरे दाबून पाहिले. प्रोसेसर थंड ठेवायला त्यावर बसवलेला नवा कूलर, म्हणजे पंख्याचा जोड, नखभर वर येत होता. दुकानात जाण्याआधी तिने पेटी मोजली होती खरी, पण बाहेरून. पत्र्याची जाडी आणि खालचे पाय धरून. दिवसभर लोकांच्या बंगल्यांची चित्रं करणाऱ्या बाईने असं मोजावं! तिला स्वतःचं हसूही आलं नाही, इतकी ती दमली होती.

“राहू दे गं,” पलंगावरून सासरे म्हणाले. “जुनाच बरा होता की.”

“काय बरा होता, बाबा? पिठाची गिरणी लावल्यासारखा ओरडतो.”

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बाबांचा पलंग आणि त्याच्या पायथ्याशी फळीवर हा कॉम्प्युटर. मोठा ठेवायला जागाच नव्हती. एका आर्किटेक्टकडून नकाशे यायचे आणि त्यांवरून ती घरांची चित्रं तयार करायची. ऐसपैस दिवाणखाने, रुंद जिने, झोपाळ्याच्या गच्च्या. चित्र तयार व्हायला लावलं की प्रोसेसर तापायचा आणि पंखा बोंबलायला लागायचा. तो बोंबलला की बाबा भिंतीकडे तोंड करायचे, पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचे. ती ते पाहायची आणि मनातल्या मनात ओशाळायची. या माणसाने उभं आयुष्य छापखान्याच्या खडखडाटात काढलं. आता मणक्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्यावर तरी त्याच्या कानांना विसावा नको?

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, झोप लागतेय तोवर घरी ठेवा, दुखणं वाढलं तर मात्र इकडे आणावं लागेल. त्या दिवशी बाबांनी तिचा हात घट्ट धरला होता. “मला घरातच राहू दे,” म्हणाले होते. ती हो म्हणाली होती. तेव्हापासून त्यांची झोप हा तिच्या जिवाला घोर झाला होता.

कॉम्प्युटर स्वयंपाकघरात हलवायचं तिने एकदा सुचवलंही होतं. बाबा घाईघाईने म्हणाले, “नको नको, इथंच असू दे. सोबत होते.” भिडस्त माणूस, दुसरं काय म्हणणार, असं तिने धरलं.

दुकानदाराने कूलर परत घेतला, पण कपाळाला आठ्या घालून. “मॅडम, एवढ्याशा डब्यात शांतता मावत नसते. उंच असतो तो गप्प राहतो, बुटका असतो तो कोकलतो.”

“बुटका आणि गप्प, असा एकही नाही?”

“माणसांतही क्वचितच,” असं म्हणून तो आत गेला आणि धूळ झटकत एक खोकं घेऊन आला. आतला कूलर चपटा होता. तांब्याच्या नळ्या आडव्या वळवलेल्या, वर पातळ पण रुंद पंखा. रुंद असल्यामुळे सावकाश फिरला तरी त्याला पुरत होतं. या खेपेला तिने प्रोसेसरपासून झाकणापर्यंत आतून पट्टी उभी धरून मोजलं होतं. शेजारच्या मेमरीच्या पट्ट्यांना तो अडणार नाही ना, तेही तिने दोनदा विचारलं. मग किंमत विचारली आणि घासाघीस न करता पिशवी पुढे केली.

झाकण बसलं. तिने सगळ्यात जड चित्र लावलं. आवाजच नाही. संध्याकाळी कामावरून आलेल्या नवऱ्याने पेटीला कान लावला. “चालू आहे की गेला?”

“हळू बोला,” ती म्हणाली. “बाबांचा डोळा लागलाय.”

बाबा उताणे निजले होते, डोळे मिटून, जराही हालचाल न करता. आता ते भिंतीकडे वळत नव्हते. खोलीत इतकी शांतता होती की काम करता करता तिचाच डोळा लागायचा. तिला फार बरं वाटलं. डॉक्टरांनाही तिने फोनवर आनंदाने कळवलं, आता छान झोपतात म्हणून.

मग एका सकाळी ती त्यांचं पांघरूण बदलायला गेली. त्याचा वरचा कोपरा ओला होता. कापड जागोजाग दातांनी चावलेलं, दोरे लोंबत होते. ती तो कोपरा हातात धरून उभी राहिली. बाबांनी डोळे उघडले. ते लालभडक होते.

“जुना पंखा टाकून नाही ना दिलास?”

“नाही, खणात आहे. का हो बाबा?”

“त्याच्या आवाजात कण्हता यायचं, पोरी. तुला ऐकू जायचं नाही.”

ती पलंगाच्या कडेवर बसली. आपण हौसेने शांतता विकत आणली आणि या माणसाच्या तोंडात बोळा कोंबला. “मी डॉक्टरांना बोलावते,” ती म्हणाली. “घरीच या म्हणते. तुम्हाला कुठेही नेऊ देणार नाही.”

“बोलाव. पण ते येईपर्यंत तेवढा लाव.”

तिने फोन केला. मग स्क्रू काढले, चपटा कूलर उतरवला, जुना बसवला. कुणीही न मागितलेला भलामोठा बंगला तयार व्हायला लावला. पंखा बोंबलू लागला. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. ती जवळ सरकली आणि पांघरुणावरूनच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसली. कानांना काहीच ऐकू येत नव्हतं. हाताला मात्र सगळं कळत होतं.