वाजवून दाखव

"आमचं बाळ आत्ताशी झोपलंया, दादा. आज तुमचं टुंगटुंग ऱ्हाऊ द्या," घरमालकीण सगुणाबाई जिन्यातूनच म्हणाल्या. निषादनं हसून मान हलवली आणि तरी गिटार मांडीवर घेतली.

समोर त्याची बायको, जान्हवी, जिन्याकडे पाठ करून बसली होती. पाचएकशे वर्षांपूर्वीचं गिटारचं संगीत आजच्या वादकांसाठी नव्यानं लिहायचं, हे तिचं वेड. ती जुनी पानंही भलतीच! सूर लिहिलेलेच नाहीत. कुठल्या तारेवर, दांडीवरच्या कुठल्या आडव्या पट्टीवर, म्हणजे पडद्यावर, बोट ठेवायचं, एवढंच. एकेक पान लिहून झालं की निषादनं हिंजवडीच्या ऑफिसातून येऊन ते वाजवायचं आणि जान्हवीनं चुका काढायच्या, हा नेरे गावातल्या या भाड्याच्या खोलीतला रिवाज.

"वाजवून दाखव ना," ती म्हणाली.

निषादला चेष्टा सुचली. डाव्या हाताची बोटं त्यानं पान बघून ठेवली, पण उजवा हात तारांवरून नुसताच फिरवला. आवाज म्हणून नाही. आता ही उशी फेकून मारणार!

जान्हवीनं मान डोलावली. "छान. पण इथं चुकलास. तिसरं बोट एक पडदा पुढे."

आवाज झालाच नाही, हे हिला कळलंच नाही? हिवाळ्यात तिला मोठा ताप आला होता, तेव्हापासून ती हाकेला ओ देईनाशी झाली होती. कामात गुंग असते झालं, असं तो स्वतःचीच समजूत घालत आला होता. आता हे बोललो तर ही पेन खाली ठेवेल. आणि हे काम सुटलं तर जान्हवी जान्हवी राहील का? त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. पण गडी थांबला नाही. बोट एक पडदा पुढे सरकवलं आणि एकही सूर न काढता अख्खं पान शेवटपर्यंत वाजवलं.

"फक्कड जमलंय," तो म्हणाला.

जान्हवी उठून त्याच्याजवळ आली. त्याचा उजवा हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"हा तारांना लागलाच नाही, निषाद. दिसत होतं मला. ऐकू येत नाही रे आता, काहीच. सांगायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून मान डोलावली." तिनं डोळे पुसले. "पण नुसती बोटं बघून चूक पकडली की नाही?"