अंबाडा

लंकाबाई अंबाडा सोडेना.

संध्याकाळी निघताना प्रत्येक बाईने अंबाडा सोडून दाखवायचा, असा मच्छिंद्रशेठचा नवा नियम होता. मिरजगावच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये गावोगावहून भांड्यांच्या बदल्यात घेतलेली केसांची गुंतवळ येई. बाया ती सोडवत, विंचरत आणि जुड्या बांधत. हल्ली सकाळी तोलून दिलेले केस संध्याकाळी कमी भरत होते. केस चोरून न्यायला अंबाड्यासारखी दुसरी जागा नाही, हे शेठला ठाऊक होतं.

तपासायचं काम मुकादमीण सुरेखाकडे होतं. तिला ते मनापासून नकोसं वाटे. बाकीच्या बाया निदान हसण्यावारी नेत. "नीट बघ बाई, ऊ सापडली तर ती माझीच हाय," म्हणून रंगुबाईने केस मोकळे सोडले होते. लंकाबाईने मात्र पदर दोन्ही हातांनी कानाशी आवळून धरला.

"सोडत नसंल तर उद्यापासनं येऊ नगंस म्हनावं," शेठ काट्यापाशी बसूनच म्हणाला.

लंकाबाईच्या घरात तिच्या मजुरीवाचून चूल पेटत नव्हती. सुरेखा तिला धरून पोत्यांच्या थप्पीमागे घेऊन गेली.

तिथे लंकाबाईने पदर खाली घेतला. अंबाडा म्हणजे काळ्या फडक्याचा बोळा होता. वर चार बटा ताणून बसवलेल्या. बाकी डोकं तळहातासारखं उघडं. ऊसतोडीला गेली असताना मोठा ताप आला, त्यात केस गेले ते परत आले नाहीत, असं ती खाली बघत सांगत राहिली. घरात सुनेलासुद्धा माहीत नव्हतं.

"दिसभर लोकांचं केस इंचरते गं मी," ती म्हणाली. "कुनाला सांगू नगंस, सुरेखा."

सुरेखाने स्वतःच्या हाताने तो बोळा पुन्हा नीट बसवला, पदर डोक्यावर ओढून दिला आणि बाहेर येऊन सांगितलं, काही निघालं नाही. शेठने दोघींकडे संशयाने पाहिलं.

सुरेखाला ती रात्र जड गेली. सकाळी माल तोलताना तिने केसांच्या ढिगात हात घातला आणि तो तसाच थांबला. आतले केस ओले होते. यंदापासून शेठने केस धुऊन घ्यायला सुरुवात केली होती. हवा ढगाळ, केस नीट वाळत नव्हते. सकाळी पाण्यासकट तोलले जात आणि दिवसभर पत्र्याखाली सुकत. तिने शेठचा हात धरून ढिगात घातला. मग तो बायांना बोलावून म्हणाला, चोरी झालीच नव्हती, चूक माझी, आजपासून तपासणी बंद. लंकाबाईकडे बघायचं त्याने टाळलं.

लंकाबाईच्या अंबाड्यासाठी केस विकत मागावेत तर शेठ विचारणार, कोणासाठी? आणि एकदा नाव निघालं की दिवेलागणीपर्यंत गावभर होणार. सुरेखाने दिवसभर विचार केला.

संध्याकाळी बाया गेल्यावर ती मागे राहिली. लांबसडक काळ्या जुड्यांना तिने हात लावला नाही. पिकल्या केसांच्या ढिगातून करड्या रंगाची एक जुडी निवडली, लंकाबाईच्या वयाला शोभेल अशी. ती आपल्या अंबाड्यात गुंडाळली, वरून पदर घेतला आणि लंकाबाईच्या घराची वाट धरली.

त्या शेडमधली ती पहिली चोरी.