रांजणाचा आवाज

रांजण तिसऱ्यांदा पडवीतल्या वाळूच्या ढिगात आडवा बसवताना हरेश्वरचा अंगठा चेचला. त्यानं रांजणालाच शिवी हासडली.

दारात बसलेला काळूआजा त्याच्या तोंडाकडे बघून हसला. "मातीला कशाला शिव्या देतंस, हऱ्या?"

रांजण पाण्याचा राहिला नव्हता. हरेश्वरनं बुडाला भोक पाडून त्यात स्पीकर बसवला होता. मोडक्या रेडिओतलं लोहचुंबक, केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि कागदाच्या पडद्याऐवजी सुपारीच्या झावळीच्या बुडाशी असते त्या विरीचा आतला पातळ पापुद्रा. पोटात नारळाचा काथ्या कोंबलेला. श्रीवर्धनच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा दिनानाथ ते ऐकून आधी हसला, मग म्हणाला, "हे वाजलं ना, तर मुंबईला भावाच्या दुकानात घालतो तुला."

शाळा सातवीतच सुटली होती. मास्तरांची छडी मोडून त्यांच्याच टेबलावर ठेवली होती त्यानं. आता होळी झाली की बाच्या होडीवर जायचं, हे घरात ठरलेलं.

बा म्हणजे चंदर. बोलणं मोजकं. मुंबईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काळूआजाला ऐकव. त्यो जमलं म्हनला तर जा. न्हायतर होडी."

काळूआजाचा कान म्हणजे काय चेष्टा! वल्हं पाण्यात सोडायचं, दांड्याला कान लावायचा. खाली ढोमा माशांचा घोळका घुमत असला की लाकडातून आवाज वर चढतो. तेवढा वेळ बाच्या होडीवर कुणी खोकायचंसुद्धा नाही. आजानं बोट दाखवलं की तिथंच जाळं. हल्ली म्हणे तो दांडा कानाला लावायच्या ऐवजी दातांत धरायचा. म्हाताऱ्यांची तऱ्हा.

पहिल्या खेपेला रांजण वाजला तो पत्र्यावर खडे पडल्यासारखा. हरेश्वरनं ओठ चावले.

"न्हाय," आजा म्हणाला.

दुसऱ्या खेपेला आवाज भरला, पण विहिरीत कुणी पडून हाका मारतंय असा.

"न्हाय."

हरेश्वर रांजणात डोकं खुपसून ओरडला, "अरे पण चुकतंय काय, ते तरी सांगशील का?"

डोकं बाहेर काढून बघतो तर आजा आरामात तंबाखू मळतोय.

"भाव खातो म्हातारा!" त्यानं काथ्याच्या ढिगाला लाथ घातली. ढीग अख्ख्या पडवीभर झाला आणि आई, केसर, झाडू घेऊन आली. झाडू केरासाठी नव्हता.

आज तिसरी खेप. उद्या होळी.

"उजेडाकडं तोंड करून बस," आजा म्हणाला. दर वेळी हेच. स्वतः समोर बसला, तळवा रांजणाच्या पोटावर ठेवला आणि हरेश्वरकडे बघत राहिला.

रांजणाला जोडलेला, दिनानाथकडून मागून आणलेला रेडिओ तापला. कुणी एक बाई गात होती.

आधी वाटलं, रांजण वाजलाच नाही. मग कळलं, आवाज रांजणातून येतच नव्हता. तो पडवीत होता. वाळत घातलेल्या जाळ्यातून, सारवलेल्या जमिनीतून, भरतीच्या पाण्यासारखा हलके हलके वर चढत होता. बाईनं मधेच घेतलेला श्वास त्याच्या मानेला लागला. मागच्या वाडीत पोफळी डुलत होत्या, त्यासुद्धा तिच्याच चालीवर. अंगठ्याचा ठणका गेला. होडी गेली, मुंबई गेली, आजा समोर बसलाय हेही गेलं. गाणं कधी संपलं ते त्याला कळलंच नाही.

"जमलं," आजा हळूच म्हणाला.

धुळवडीनंतर चौथ्या दिवशी मुंबईची आगबोट लांब पाण्यात येऊन थांबली. बा त्याला होडीतून सोडायला निघाला. किनाऱ्यावर काळूआजा पाण्याकडे पाठ करून जाळं विणत बसला होता.

"आजा, येतो रं!"

आजानं मान वळवली नाही.

"आजाऽ!"

तेवढ्यात आगबोटीचा भोंगा झाला. सुकटीवरचे कावळे एकदम उडाले. पोरांनी कानांत बोटं घातली. बांधलेली शेळी दावं ओढून उलटीपालटी झाली. काळूआजाची सुई मात्र जाळ्यात शिरत होती, बाहेर येत होती. जराही अडखळली नाही.

हरेश्वरनं बाच्या तोंडाकडे बघितलं.

"बा... आजाला..."

"तीन वर्सं झाली." बा वल्हवत राहिला. "होडीवरच्यांनाच ठावं हाय. तू कंदी आलासच न्हाय होडीवर."

"मंग त्यालाच का ऐकवायला लावलंस?" हरेश्वर भडकला.

वल्हं पाण्यात शिरलं, निथळत वर आलं.

"रेडिओ मला बी ऐकाया येतो, हऱ्या. त्याला तुजं तोंड बघाया बसवला व्हता."